फ्रान्सला शिकायला जाताय? बोलण्याआधी उत्तर झेलायची तयारी करा

ठाणे-नवी मुंबईत फ्रेंच शिकलेली मुलं कमी नाहीत. कुणी शाळेत तिसरी भाषा म्हणून घेतलेली असते, कुणी अकरावी-बारावीला गुण चांगले मिळतात म्हणून. क्रियापदांची रूपं पाठ असतात, पत्रलेखन जमतं, उताऱ्यावरचे प्रश्न सुटतात. काहींनी तर बी टू, म्हणजे बऱ्यापैकी वरच्या पातळीची डेल्फ ही फ्रेंच भाषेची परीक्षाही दिलेली असते. तरीही फ्रान्समध्ये पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तोंडाला कुलूप लागतं, आणि मग वाटतं की आपलं व्याकरणच कच्चं आहे.

बहुतेक वेळा दोष व्याकरणाचा नसतो. पहिलं वाक्य घरूनच जुळवून नेलेलं असतं, ते बरं निघतं. पुढचा माणूस जे उत्तर देतो ते कळत नाही आणि सगळं तिथे थांबतं. पावाच्या दुकानात तुम्ही नीट ‘बागेत’ (लांबट फ्रेंच पाव) मागता, दुकानदारीण विचारते, "ए आवेक ससी?" पुस्तकात हे वाक्य सहसा नसतं. तिला एवढंच विचारायचं असतं की आणखी काय देऊ. मागे रांग असते, तुम्ही गडबडता, ती इंग्रजीत बोलू लागते. असं चार वेळा झालं की माणूस फ्रेंच बोलायचंच टाळतो. म्हणून सराव करताना स्वतःच्या वाक्यांना जितका वेळ द्याल तितकाच समोरच्याच्या उत्तरांना द्या.

(फ्रेंच शब्द इथे देवनागरीत दिलेत. ते फक्त अंदाजासाठी. खरा उच्चार कानाने ऐकूनच बसवायचा.)

निघण्याआधी: तोंड वळवणं

सप्टेंबरच्या सत्राला जाणार असाल तर जूनपासून रोज दहा मिनिटं फक्त उच्चारांना द्या. मराठी बोलणाऱ्याकडे इथे मोठी शिदोरी आहे, पण इंग्रजी माध्यमाच्या सवयीमुळे ती वापरलीच जात नाही. फ्रेंच त आणि द हे दातांवरचे आहेत, आपल्या ‘तवा’ आणि ‘दार’मधले. मुलं मात्र इंग्रजीच्या वळणाने ट आणि ड म्हणतात. प, त, क यांच्यासोबत हवाही फुटत नाही, म्हणजे ते अगदी मराठीसारखे. इंग्रजी वळण सोडून मराठी त-द धरलात तर उच्चार पहिल्याच दिवशी सुधारतो.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची, कारण तिथे अर्थ बदलतो. फ्रेंचमधला ‘मी’ म्हणजे ‘ज’, त्यात आपल्या ‘अ’च्या जवळचा स्वर, ओठ किंचित गोल. हाच ‘ज’ घाईत ‘जे’ झाला की वाक्य भूतकाळात जातं. ‘ज फिनी’ म्हणजे मी संपवतो. ‘जे फिनी’ म्हणजे मी संपवलं. तसंच ‘ल लिव्र’ म्हणजे ते पुस्तक, ‘ले लिव्र’ म्हणजे ती पुस्तकं. अनेकवचनाचा शेवटचा स उच्चारला जात नाही, त्यामुळे एक की अनेक हे ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा त्या एका छोट्या स्वरावरूनच कळतं. ल-ले, द-दे, म-मे अशा जोड्या मोठ्याने म्हणा, ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. तुमच्या तुम्हालाच फरक ऐकू येत नसेल तर तो समोरच्यालाही येणार नाही.

यातला ज मात्र ‘जीभ’मधला नाही. ‘श’ लांबवत राहा आणि तोच आवाज न तोडता घशातून कंप द्या. जीभ टाळूला टेकता कामा नये.

‘तू’साठीच्या फ्रेंच शब्दातला स्वर मराठीत नाही. तो काढायची रीत अशी: ‘ई’ म्हणत राहा, जीभ जागची हलवू नका, फक्त ओठ शिटी वाजवताना करतो तसे पुढे काढा. हा स्वर आणि साधा ‘ऊ’ यांची गल्लत झाली तर ‘वर’ आणि ‘खाली’ हे दोन फ्रेंच शब्द एकच होऊन बसतात, कारण त्या दोघांत तेवढाच फरक आहे.

नाकातल्या स्वरांत नेहमीची चूक म्हणजे शेवटी न किंवा ङ लावणं. ‘बों’ म्हणताना शेवटी जीभ कुठेही टेकली तर उच्चार चुकला. ज्यांच्या घरात मालवणी किंवा कोंकणी बोलली जाते त्यांना हे पटकन जमतं, त्या बोलींत असे स्वर आहेत. बाकीच्यांनी तोंड उघडंच ठेवून वाक्य संपवायची सवय करावी.

र वर महिने घालवू नका. तो घशातून येतो, गझलेतल्या ‘ग़म’च्या पहिल्या अक्षराच्या जवळचा. जमला तर उत्तम. आपला मराठी र वापरलात तरी फ्रेंच माणसाला कळतो. स्वर चुकले तर मात्र कळत नाही. म्हणून आधी स्वर, मग नाकातले स्वर, र शेवटी.

ऐकणं: पुस्तकातलं आणि रस्त्यावरचं

पुस्तकातलं फ्रेंच पूर्ण उच्चारलेलं असतं, रस्त्यावरचं आखडलेलं. ‘मला माहीत नाही’ हे पुस्तकात चार शब्दांचं वाक्य आहे, बोलताना त्याचं ‘शे पा’ होतं. नकारातला पहिला शब्द बोलताना बहुतेक गळतोच. ‘इल इ आ’चं ‘या’ होतं, ‘त्यू आ’चं ‘ता’, ‘पार्स्क’चं ‘पास्क’. ‘आम्ही’साठी पुस्तकात ‘नू’ शिकवतात, पण मित्रमंडळीत जवळजवळ कायम ‘ओं’ ऐकू येतं. शब्दही एकमेकांत मिसळतात: ‘वू’ आणि ‘आवे’ वेगवेगळे न येता ‘वुझावे’ असे येतात, त्यातला झ ‘माझा’मधल्यासारखा, हवा न सोडता. ही आखडलेली रूपं तुम्ही स्वतः लगेच वापरली नाहीत तरी चालेल. ओळखता आलीच पाहिजेत.

यासाठी प्रवासाचा वेळ सोन्यासारखा आहे. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर गाडीत साधारण अर्धा तास मिळतो. आरएफआय या फ्रेंच रेडिओवर सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र असतं, त्याची संहिताही मिळते. टीव्ही फाइव्ह माँदच्या शिकण्याच्या संकेतस्थळावर ए वन (अगदी प्राथमिक) ते बी टू अशा पातळ्यांनुसार चित्रफिती आहेत. अख्खं बातमीपत्र एकदा ऐकण्यापेक्षा त्यातलं दीड मिनिट घ्या आणि त्यावर या क्रमाने काम करा. आधी संहिता न बघता दोनदा ऐका आणि काय कळलं ते मनात मराठीत सांगा. मग संहिता बघत ऐका आणि जे शब्द डोळ्यांना ओळखीचे पण कानाला अनोळखी वाटले त्यांच्याखाली रेघ मारा. खरी अडचण याच शब्दांची असते, नव्या शब्दांची नाही. शेवटी निवेदकाच्या अर्धा सेकंद मागे राहून त्याच्याबरोबर म्हणा. गाडीत गर्दी असेल तर नुसते ओठ हलवा, आवाज घरी गेल्यावर काढा. जोर प्रत्येक शब्दावर न देता शब्दसमूहाच्या शेवटच्या अक्षरावर येतो, तो लय धरून उचला.

दोन्ही बाजूंचे संवाद

आता मूळ काम. दहा प्रसंग निवडा: पावाचं दुकान, औषधाचं दुकान, विद्यापीठाचं कार्यालय, बँकेतली भेट, घरमालक, विद्यापीठाची खाणावळ, ग्रंथालय, रेल्वेचं तिकीट, शेजारी, वर्गातला नवा मित्र. प्रत्येकासाठी एक कार्ड करा. डावीकडे तुमचं पहिलं वाक्य, उजवीकडे समोरून येऊ शकणारी किमान तीन उत्तरं, आणि त्या प्रत्येकाला तुमचं एक वाक्य.

पावाच्या दुकानाचं कार्ड असं होईल. तुम्ही: "बोंजूर मादाम, युन बागेत, सिल वू प्ले." समोरून: "ए आवेक ससी?" (आणखी काय?), "स सरा तू?" (एवढंच का?), "वू रेग्ले कोमाँ?" (पैसे कसे देणार?). तुमची उत्तरं: "से तू, मेर्सी" (एवढंच, धन्यवाद), "पार कार्त" (कार्डाने). निघताना "बॉन जूर्ने". औषधाच्या दुकानात हमखास दोन गोष्टी विचारतात: डॉक्टरांची चिठ्ठी, म्हणजे ‘ओर्दोनाँस’, आणि आरोग्य विम्याचं ‘कार्त व्हिताल’. हे दोन शब्द कानाला ओळखीचे नसतील तर पुढचं काहीच लागत नाही.

सरावाला जोडीदार घ्या. ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठावर किंवा नेरुळच्या एखाद्या बागेत फेऱ्या मारता मारता एकाने दुकानदार व्हायचं आणि कार्डावरची उत्तरं क्रम बदलून, भरभर बोलायची. जोडीदाराला फ्रेंच येत नसेल तर उत्तरं फोनवर मुद्रित करून त्याला फक्त बटण दाबायला सांगा. मुद्दा इतकाच, की कुठलं उत्तर येणार हे तुम्हाला आधी माहीत नसावं. शिक्षकाकडून तपासून घ्यायचं तर मुंबईत न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसफी हॉलमध्ये आलियाँस फ्राँसेज आहे.

एक कार्ड स्वतःच्या गावाचं हवंच. ‘कुठून आलास?’ हा प्रश्न रोज येतो आणि ‘मुंबईजवळून’ एवढ्यावर गप्पा मरतात. "ज वियँ द ठाणे, आ कोते द बोंबे" (मी मुंबईजवळच्या ठाण्याहून आलो), असं म्हणून पुढची चार वाक्यं तयार ठेवा. कागदावरचं ठाणे फ्रेंच माणूस ‘तान’ असं वाचतो, तेव्हा उच्चारही सांगून टाका. भारतातली पहिली प्रवासी गाडी 1853 मध्ये मुंबईहून ठाण्यालाच आली, हे ऐकून कुणीही पुढचा प्रश्न विचारतो. नवी मुंबईकरांना सांगता येईल की हे शहर 1970 नंतर आखून वसवलेलं आहे. सत्र सुरू होतं तेव्हा गणपतीही जवळ असतात, त्यावरही पाच वाक्यं लिहा. आणि शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेजेतारियँ’ म्हणून थांबू नका, काहीजण मासे मांसात धरत नाहीत. "नी व्हियाँद, नी प्वासों" म्हणजे मांसही नाही, मासेही नाहीत, असं स्पष्ट सांगा.

आकडे आणि नावाची अक्षरं

सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. हे माहीत असूनही फोन नंबर लिहून घेताना चुका होतात, कारण फ्रान्समध्ये दहा आकडी नंबर दोन-दोनच्या पाच जोड्यांत सांगतात. ‘स्वासाँत’ (साठ) ऐकलं की हात 6 लिहून मोकळा होतो आणि पाठोपाठ ‘कँझ’ (पंधरा) येतं, म्हणजे आकडा 75 असतो. एकच नियम पाळा: जोडी पूर्ण झाल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. घरातल्या पाच माणसांचे नंबर रोज फ्रेंचमध्ये म्हणा. बेल्जियम किंवा स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांना सत्तर-नव्वदसाठी ‘सेप्ताँत’ आणि ‘नोनाँत’ हे सरळ शब्द मिळतील.

आडनाव प्रत्येक कार्यालयात अक्षर-अक्षर सांगावं लागतं. इथे इंग्रजी ई आणि जी दगा देतात. फ्रेंचमध्ये ‘ई’ म्हटलं की समोरचा आय लिहितो, म्हणून देशमुखचं दिशमुख होतं. ईचा उच्चार ‘अ’च्या जवळचा. जी आणि जे या अक्षरांची नावं तर अदलाबदल झालेली: जीला ‘जे’, जेला ‘जी’. एच म्हणजे ‘आश’, डब्ल्यू म्हणजे ‘दूब्ल वे’, वाय म्हणजे ‘ई ग्रेक’. जोशींनी ‘जी, ओ, एस, आश, ई’ हे झोपेतून उठवलं तरी सांगता येईल इतकं पक्कं करावं. ‘नों’ विचारलं की आडनाव सांगायचं, ‘प्रेनों’ विचारलं की नाव. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही असेल तर ते सगळं पासपोर्टच्या क्रमानेच सांगा, नाहीतर बँक आणि विमा यांच्या कागदांवर दोन वेगळी नावं चढतात.

तिथे गेल्यावर

दुकानात, कार्यालयात, बसमध्ये चढताना पहिला शब्द "बोंजूर", संध्याकाळी "बोंस्वार". आपण दुकानात शिरताच थेट ‘अर्धा किलो द्या’ म्हणतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. फ्रान्समध्ये अभिवादन न करता मागणं हा उद्धटपणा समजला जातो आणि उत्तर तुटक येतं. नवखा विद्यार्थी मग समजतो की आपलं फ्रेंच वाईट आहे. फ्रेंच ठीक असतं, पहिला शब्द राहिलेला असतो.

पहिला महिनाभर एकच दुकान आणि एकच वेळ ठेवा. तोच माणूस रोज भेटला की तो तुमच्यासाठी थोडं थांबतो, आणि तुम्हाला त्याची वाक्यं सवयीची होतात. रोज फक्त एक वाक्य वाढवा: आज पावाचा प्रकार विचारा, उद्या हवामानावर बोला.

न समजल्यावर काय म्हणता यावर पुढचं सगळं ठरतं. ‘मला समजलं नाही’ असं मोघम म्हटलंत की समोरचा इंग्रजीकडे वळतो. त्याऐवजी जेवढं कळलं तेवढं पकडून नेमका प्रश्न विचारा: "पार्दों, आ गोश ऊ आ द्रुआत?" (डावीकडे की उजवीकडे?). मग त्याला कळतं की नव्वद टक्के पोहोचलंय, एकच तुकडा राहिलाय, आणि तो फ्रेंचमध्येच उत्तर देतो. शब्द अडला तर "सा व दीर क्वा?" म्हणजे याचा अर्थ काय. सगळंच सुटलं तर "वू पूवे रेपेते प्ल्यू लाँतमाँ?" म्हणजे जरा सावकाश परत सांगाल का. नुसतं "क्वा?" मात्र अनोळखी माणसाशी नको, ते ‘काय?’ असं खेकसल्यासारखं लागतं.

तरीही कुणी इंग्रजी सुरू केलं तर हसून म्हणा, "ज प्रेफेर एसेये आँ फ्राँसे, सी सा न वू देराँज पा." तुमची हरकत नसेल तर मी फ्रेंचमध्ये प्रयत्न करतो. बहुतेक लोक आनंदाने ऐकतात. मागे लांब रांग असेल तर मात्र हट्ट करू नका, तो धडा गर्दी नसताना.

कुणी मध्येच चूक दुरुस्त करेल, अगदी वाक्य तोडून. त्यात अपमान नसतो, ती तिथली रीत आहे. दुरुस्त केलेला शब्द एकदा मोठ्याने म्हणा आणि वाक्य पुढे न्या. लिंग आठवत नसेल तर एक निवडा आणि बोला, थांबू नका. शब्दाच्या शेवटी ‘-सियों’ किंवा ‘-ते’ असेल तर बहुधा स्त्रीलिंगी, ‘-आज’ किंवा ‘-माँ’ असेल तर बहुधा पुल्लिंगी. अपवाद आहेत, पण अडून बसण्यापेक्षा हा अंदाज बरा. ‘गेलो-गेले’ या आपल्या फरकाची आठवण ठेवलीत तर जाणे-येण्याच्या क्रियापदांना लिखाणात स्त्रीलिंगाची खूण का लागते हेही पटकन कळतं.

वयासाठी ‘असणे’ नाही, ‘जवळ असणे’ हे क्रियापद लागतं: ‘जे’ म्हणून मग वर्षं सांगायची. पदार्थात संरक्षक रसायन आहे का हे विचारताना इंग्रजी ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ला फ्रेंच वळण देऊ नका, त्याचा अर्थ निरोध होतो.

मित्र, वर्ग आणि थकवा

आपल्या माणसांत राहिल्याने मन टिकतं, त्यामुळे मराठी गट सोडा असं कुणीही सांगू नये. पण आठवड्यात दोन ठरलेले तास असे हवेत जिथे मराठी, हिंदी, इंग्रजी काहीच चालत नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागातला, म्हणजे ‘स्युआप्स’मधला एखादा खेळ यासाठी सर्वांत चांगला. हात-पाय चालू असतात, वाक्यं छोटी आणि तीच तीच असतात, गप्प राहिलं तरी विचित्र वाटत नाही. भाषेची देवाणघेवाण करत असाल तर घड्याळ लावा: अर्धा तास फ्रेंच, अर्धा तास इंग्रजी. न लावल्यास सगळा तास इंग्रजीत जातो.

विद्यार्थी एकमेकांना ‘त्यू’ म्हणतात, प्राध्यापकांना ‘वू’. शंका असेल तर ‘वू’ने सुरुवात करा.

वर्गात मोठ्या व्याख्यानापेक्षा ‘तेदे’ नावाच्या छोट्या गटांच्या तासांना बोलण्याची संधी जास्त. प्रश्न आधी लिहून न्या आणि पहिल्या वीस मिनिटांतच विचारा. नंतर विषय पुढे सरकतो आणि धीर सुटतो. सादरीकरण असेल तर पूर्ण मजकूर पाठ करू नका, एक ओळ विसरली की सगळं कोसळतं. सुरुवात, दोन भागांची रूपरेषा आणि जोडवाक्यं एवढंच पाठ करा: "दाँ झँ प्रमिए ताँ" (आधी), "दाँ झँ सगों ताँ" (त्यानंतर). प्रश्न आला की "सी जे बियँ कोंप्री" (मला नीट कळलं असेल तर) म्हणून तो आपल्या शब्दांत परत मांडा. यात विचार करायला वेळही मिळतो आणि चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देणंही टळतं.

गुण वीसपैकी असतात. 10 ला उत्तीर्ण, 12 ला बऱ्यापैकी चांगलं, 14 ला चांगलं, 16 ला उत्कृष्ट. आपल्याकडे नव्वद टक्के मिळवणाऱ्याला 12 दिसले की तो खचतो आणि तोंडी तासांना मागे बसू लागतो. तसं करू नका, 12 हे चांगलं काम आहे.

दिवसभर परक्या भाषेत ऐकल्यावर संध्याकाळी साधे शब्दही सुचत नाहीत. कार्यालयातली, बँकेतली अवघड कामं म्हणूनच सकाळी ठेवा.

फोन सगळ्यात शेवटी

फोनवर ओठ आणि हावभाव दिसत नाहीत, म्हणून तो सर्वांत कठीण. डॉक्टरांची वेळ डॉक्टोलिब या संकेतस्थळावर न बोलताही घेता येते. घरमालकाला किंवा कार्यालयाला मात्र कधीतरी फोन करावाच लागतो. आधी कागदावर चार ओळी लिहा: कोण बोलतंय, कशासाठी, हवी असलेली तारीख, आणि ती नाही जमली तर दुसरी. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात येते, त्यामुळे ‘कातोर्झर त्राँत’ म्हणजे दुपारचे अडीच. फोन ठेवण्याआधी सगळं परत वाचून दाखवा: "ज रेकापित्युल: मार्दी, कातोर्झर त्राँत, से बियँ सा?" (परत सांगतो: मंगळवार, अडीच, बरोबर ना?) चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं.

आणीबाणीचे नंबर वेगळे लिहून ठेवा: वैद्यकीय मदतीला 15, पोलिसांना 17, अग्निशमन दलाला 18, आणि युरोपीय संघात कुठूनही 112. घर मिळालं त्याच दिवशी "जाबित ओ…" (मी इथे राहतो…) ने सुरू होणारं पत्त्याचं वाक्य, मजला आणि दाराच्या कोडसकट, शेजाऱ्याकडून तपासून घ्या आणि दारामागे चिकटवा. फोन उचलला गेला की आधी पत्ता सांगायचा, मग काय झालं ते.